मुलीला वायुदलात पायलट व्हायचंय : एएफकॅट, एसएसबी, मेडिकलबद्दल माहिती हवी आहे

तारामती_कराड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. माझी मुलगी सांगलीला मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॅम्पसच्या नोकरीला बसायचं नाही, वायुदलात पायलट व्हायचं असं तिने ठरवलंय. वर्षभर तेच बोलतेय, म्हणजे डोक्यात आलेली हौस नाही हे आम्हाला कळलंय. तिचे बाबाही तयार आहेत.

अडचण अशी की आमच्या सातारा जिल्ह्यात फौजी घरोघरी आहेत. अपशिंग्याला तर लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. माझे सासरे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. जवान भरतीची माहिती गावात पोराटोरांना तोंडपाठ आहे. किती मिनिटांत किती धावायचं, छाती किती फुगली पाहिजे, सगळं. पण ऑफिसर कसं व्हायचं हे विचारायला भावकीत एक माणूस नाही.

एएफकॅट नावाची वायुदलात ऑफिसर व्हायची लेखी परीक्षा असते एवढं तिने शोधलंय. अर्ज कधी करायचा? फायनल इयरला असताना चालतो का? उंची, डोळे यांचं काय? क्लास लावावा लागतो का? आणि खरंच ओळख लागते का? जे माहीत असेल ते सविस्तर लिहा, ती स्वतः हा धागा वाचणार आहे.

---

लोहगाव_निवृत्त

तारामतीताई, मी वायुदलातून निवृत्त झालोय, मधली काही वर्षं निवड मंडळावरही होतो. जे जाहीर आहे तेवढंच लिहितो, पण क्रमाने लिहितो, कारण या वाटेवर बहुतेक मुलं माहितीच्या अभावी कमी आणि उलट्या क्रमामुळे जास्त अडकतात. आधी क्लास, मग परीक्षा, मग एसएसबी म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत, आणि सगळ्यात शेवटी कळतं की डोळ्यांना मायनस नंबर आहे. दोन वर्षं गेलेली असतात. म्हणून आधी शरीर, मग कागद, मग अभ्यास.

फ्लाइंग शाखेला उंची किमान १६२.५ सेंटिमीटर लागते. पण नुसती उंची पुरत नाही. कॉकपिट ठरलेल्या मापाचं असतं, त्यात माणूस बसला पाहिजे आणि पाय पेडलपर्यंत पोचले पाहिजेत. म्हणून पायांची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटर, मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ सेंटिमीटर आणि बसलेल्या अवस्थेतली उंची ८१.५ ते ९६ सेंटिमीटर असावी लागते. या मापांत अभ्यासाने काही बदलत नाही, तेव्हा ती आत्ताच घ्या. भिंतीला पाठ, टाचा आणि डोकं टेकवून, दुसऱ्या माणसाकडून.

आता कागद. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र दोन्हींत किमान ५० टक्के. पदवीला ६० टक्के, इंजिनिअरिंग असो की साधी तीन वर्षांची पदवी. वय कोर्स सुरू होण्याच्या दिवशी २० ते २४. व्यावसायिक पायलटचा परवाना आधीच असेल तर २६ पर्यंत. लग्न झालेलं नसावं.

फायनल इयरला अर्ज चालतो. पण मुलाखतीला जाताना एकही केटी शिल्लक नको. जाहिरात वर्षातून दोनदा येते, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. जूनच्या जाहिरातीचा कोर्स पुढच्या वर्षी जुलैत सुरू होतो. म्हणजे तुमची मुलगी तिसरं वर्ष संपवून चौथ्यात जाताना जो जून येईल, तो तिचा पहिला जून. तेव्हा अर्ज केला, पुढे सगळं नीट झालं, तर पदवी हातात येते आणि लगेच अकादमी. याहून चांगली वेळ नाही. एकच काळजी घ्या: पदवीचा पुरावा ठरलेल्या तारखेपर्यंत द्यावा लागतो. विद्यापीठाचा निकाल रेंगाळला तर हंगामी प्रमाणपत्रासाठी कॉलेजच्या मागे लागायची तयारी ठेवा.

लेखी परीक्षेचं फार दडपण घेऊ नका. १०० प्रश्न, ३०० गुण, दोन तास. बरोबर उत्तराला ३, चुकीला उणे १. सामान्य ज्ञान, इंग्रजी, अंकगणित आणि बुद्धिमापन. इंजिनिअरिंगच्या मुलीला रोज दोन तास, चार महिने पुष्कळ झाले. खरी गाळणी त्यानंतर आहे. त्यावर वेगळं लिहितो.

---

नेत्रवैद्य_मिरज

लोहगावसरांच्या 'आधी शरीर'ला पूर्ण पाठिंबा. डोळ्यांचं मी लिहिते.

फ्लाइंगला एका डोळ्याची दृष्टी ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ चालते, पण ती ६/९ प्लस नंबरमुळे आलेली असली पाहिजे आणि चष्म्याने ६/६ होत असली पाहिजे. मायनस नंबर म्हणजे लांबचं अंधुक दिसणं इथे चालत नाही. माझ्याकडे येणारी बरीच मुलं म्हणतात, 'मॅडम, मला लांबचं सगळं दिसतं.' दिसतं, पण तरुण डोळा ताण देऊन प्लस नंबर भरून काढतो, त्यामुळे खरा नंबर कळत नाही. म्हणून तपासणी डोळ्यांत थेंब टाकून, बाहुली मोठी करूनच करून घ्या. चष्म्याच्या दुकानातल्या मशीनचा कागद यासाठी पुरेसा नाही.

रंगांची तपासणीही त्याच दिवशी करा. ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे वाचायचे असतात, पाच मिनिटांचं काम. रंगांधळेपणा मुलींमध्ये फार कमी, मुलांमध्ये बऱ्यापैकी आढळतो. घरच्यांना वर्षानुवर्षं पत्ता नसतो, आणि त्याला उपाय नाही.

लेसरबद्दल सगळेच विचारतात. वयाची २० वर्षं पूर्ण व्हायच्या आधी केलेली शस्त्रक्रिया धरत नाहीत, नंतर केलेली असली तर किमान १२ महिने उलटून डोळा स्थिर झालेला लागतो, शिवाय बुबुळाच्या पडद्याची जाडी, डोळ्याची लांबी, मूळ नंबर किती होता, यावर अटी आहेत. त्या जाहिरातीसोबतच्या वैद्यकीय परिशिष्टात छापलेल्या असतात. ते परिशिष्ट प्रिंट काढून डॉक्टरसमोर ठेवा. 'लेसर करा, मग सगळं चालतं' असं कुणी सांगितलं तर ते परिशिष्ट त्यांच्याही समोर ठेवा.

---

भोसरी_अभियंता

ताई, मी या वाटेवर बऱ्यापैकी पुढे जाऊन आलोय. वाराणसीच्या निवड मंडळातून (बोर्डातून) रिकमेंड झालो, म्हणजे निवडलो गेलो, सीपीएसएस ही पायलटसाठीची संगणकीय चाचणी पास झालो आणि बंगळुरूच्या मेडिकलला बाहेर पडलो. मणक्याच्या एक्स-रेमध्ये जन्मापासूनचा एक दोष निघाला, ज्याने मला आयुष्यात कधी पाठदुखी झालेली नाही. अपील केलं, तिथेही तोच निकाल. संकटात पायलटला विमानाबाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटचा धक्का मणक्यावर येतो, त्यामुळे तो नियम का आहे हे मला पटतं. वाईट वाटायचं ते वाटलंच.

मुलीला सांगा, डोळ्यांसोबत मानेपासून कमरेपर्यंतच्या मणक्याचा एक्स-रे, ईसीजी, कानाची तपासणी आणि नाकाचं हाड हेही बघून घ्यावं. खर्च फार नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञाला 'फ्लाइंगसाठी' असं स्पष्ट सांगावं, म्हणजे ते कानाचा पडदा नीट बघतात.

एसएसबीबद्दल मात्र मनापासून सांगतो, ते दिवस मी विसरणार नाही. पहिल्या दिवशी स्क्रीनिंग. बुद्धिमापनाची चाचणी आणि एक धूसर चित्र दाखवून गोष्ट लिहायला सांगतात, मग गटात चर्चा. अर्धीअधिक मुलं त्याच दुपारी परत जातात. राहिलेल्यांना चेस्ट नंबर मिळतो आणि तिथून तुम्ही नावाने नाही, नंबराने ओळखले जाता.

मानसशास्त्राच्या दिवशी हात दुखून येतात. बारा चित्रं, शेवटचं कोरं. प्रत्येक चित्र ३० सेकंद बघायचं आणि ४ मिनिटांत गोष्ट लिहायची. मग ६० शब्द, प्रत्येकी १५ सेकंद. मग ६० प्रसंग, ३० मिनिटं. शेवटी स्वतःबद्दल लिहायचं: आई-वडील काय म्हणतात, शिक्षक काय म्हणतात, मित्र काय म्हणतात, तुम्ही स्वतः काय म्हणता. माझ्या गटातल्या एका मुलाने यूट्यूबवरच्या गोष्टी पाठ करून आणल्या होत्या. सगळ्या चित्रांत त्याचा नायक आग विझवत होता. पाचव्या-सहाव्या चित्रापासून वेळ पुरेना, कारण डोळ्यासमोरचं चित्र आणि पाठ केलेली गोष्ट यांची सांगड बसत नव्हती. मुलगा हुशार होता. बाहेर मैदानावर तो फार चांगला वागत होता, कागदावर वेगळाच माणूस उतरला.

---

गोदाकाठ_नाशिक

ताई, फक्त वायुदल धरून बसू नका असं सुचवते. उडायचं असेल तर तिन्ही दलांत उडता येतं.

आमच्या नाशिकरोडला गांधीनगरच्या धावपट्टीवर लष्कराची कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल आहे. दिवसभर डोक्यावर चेतक, चीता नाही तर ध्रुव हेलिकॉप्टर असतं. २०२२ साली कॅप्टन अभिलाषा बराक इथूनच पास होऊन आर्मी एव्हिएशनमधल्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या. फरक एवढा की लष्करात आधी ऑफिसर व्हायचं, मग एव्हिएशनसाठी अर्ज करायचा. थेट पायलट म्हणून भरती नाही.

नौदलात थेट आहे. शॉर्ट सर्व्हिस (ठरावीक वर्षांच्या नोकरीच्या) पायलट एंट्रीला इंजिनिअरिंगची कुठलीही शाखा चालते, ६० टक्के हवेत, दहावी-बारावीतही ६० आणि इंग्रजीतही ६०. लेखी परीक्षा नाही, गुणांवरून थेट एसएसबीला बोलावतात. आधी केरळात एझिमलाच्या नौदल अकादमीत, मग उड्डाण प्रशिक्षण. हेलिकॉप्टरवाले तमिळनाडूत अरक्कोणमला आयएनएस राजालीवर जातात. आपल्या गोव्यात दाबोळीला आयएनएस हंसा आहे, मिग-२९के तिथे असतात. २०१९ च्या डिसेंबरमध्ये सब लेफ्टनंट शिवांगी नौदलाच्या पहिल्या महिला पायलट झाल्या.

मुलगी मेकॅनिकलला आहे, गुण चांगले असतील तर हा अर्ज नक्की करावा.

---

लोहगाव_निवृत्त

गोदाकाठताईंची सूचना योग्य आहे, पण तिला एक फार महत्त्वाची गोष्ट जोडतो. या धाग्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे ठेवा.

सीपीएसएस ही पायलट निवडीची संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते.

वायुदल असो की नौदल, बारावीनंतरची एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) असो की एएफकॅट, ती एकदा नापास झालात की पायलट शाखेचं दार कायमचं बंद. अर्ज पुन्हा करता येतो, एसएसबी पुन्हा देता येते, मेडिकलला अपील करता येतं. हिला दुसरी संधी नाही. सतराव्या वर्षी एनडीएच्या वेळी नापास झालेला मुलगा बाविसाव्या वर्षी एएफकॅटमधून फ्लाइंगला येऊ शकत नाही. पालकांना हे माहीतच नसतं. 'अनुभव म्हणून देऊन येऊ दे' म्हणतात. एसएसबीला अनुभवासाठी जा, हरकत नाही, पण फ्लाइंगसाठी रिकमेंड झालात की सीपीएसएस समोर येणारच हे धरून जा.

चाचणी डीआरडीओने भारतात तयार केलेली आहे, मूळ कल्पना डॉ. अब्दुल कलाम यांची. कलाम स्वतः तरुणपणी डेहराडूनला वायुदलाच्या निवडीसाठी गेले होते. पंचवीस जणांत नववे आले आणि जागा आठ होत्या.

चाचणीत काय असतं? एक भाग उपकरणं वाचण्याचा. आधी तबकड्या समजावून सांगतात: विमान किती उंचीवर आहे, कुठल्या दिशेला तोंड आहे, कुठल्या बाजूला कललंय. मग त्यावर प्रश्न. दुसरा भाग हात-पाय-डोळ्यांच्या समन्वयाचा. हातात स्टिक, पायाखाली पेडल, पडद्यावर हलणारी खूण, आणि त्यातच दिव्यांना आणि आवाजांना प्रतिसाद द्यायचा. सूचना एकदा सांगतात, त्या जीव कानात आणून ऐकायच्या. रात्रीची झोप पूर्ण झालेली असावी. माझ्या पाहण्यात चांगली मुलं इथे गेली ती घाईने आणि थकव्याने. सायकल चालवणारी, टेबल टेनिस-बॅडमिंटन खेळणारी, ट्रॅक्टर चालवणारी मुलं इथे बिचकत नाहीत.

नापास झालं तर ऑफिसर होणं संपत नाही. अर्जात ग्राउंड ड्यूटीच्या, म्हणजे जमिनीवरच्या कामाच्या शाखाही मागितल्या असतील आणि पात्रता असेल तर तिथे विचार होतो. मुलगी मेकॅनिकलची आहे, तेव्हा टेक्निकल शाखेचा पर्याय तिने खरंच विचारात घ्यावा.

---

रानवारा

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी एक जण लाखांत पैसे घेतोय, 'ऑफिसर एंट्री, बोर्डात आपली माणसं आहेत' असं सांगून. मावसभाऊ भरायच्या बेतात आहे. ओळखीशिवाय होत नाही असं सगळे म्हणतात ते कितपत खरं?

---

लोहगाव_निवृत्त

रानवारा, भावाला आजच्या आज फोन करा आणि एक रुपया देऊ देऊ नका. शक्य असेल तर पोलिसांत तक्रार द्या.

बोर्ड कसं चालतं ते कळलं की हे खोटं का आहे ते आपोआप कळेल. उमेदवाराला तीन जण स्वतंत्रपणे तपासतात. मानसशास्त्रज्ञ फक्त त्याने लिहिलेले कागद वाचतो, शेवटच्या दिवसापर्यंत त्याचा चेहराही बघत नाही. जीटीओ म्हणजे गटचाचण्या घेणारा अधिकारी त्याला मैदानावर गटात काम करताना बघतो. मुलाखत घेणारा अधिकारी त्याच्याशी बोलतो. मनसा, वाचा, कर्मणा हे सूत्र तिथे शब्दशः वापरतात. तिघे आपापसांत चर्चा न करता आपापले गुण देतात आणि शेवटी कॉन्फरन्सला एकत्र बसतात. विचार, बोलणं आणि वागणं एका माणसाचं दिसलं की रिकमेंड होतो. यात एखाद्याच्या ओळखीने काय साधणार? लेखी परीक्षा संगणकावर, मेडिकल दिल्लीला किंवा बंगळुरूला लष्करी डॉक्टरांकडे.

मी अनेक वर्षं बघितलंय, शेतकऱ्याची, एसटी कंडक्टरची मुलं निवडून आली आणि मोठ्या हुद्द्यावरच्यांची मुलं परत गेली. महाराष्ट्रातल्या मुलांनी हा न्यूनगंड मुळात सोडला पाहिजे. मुळगावकर, टिपणीस, नाईक आणि अलीकडे २०२१ ते २०२४ विवेक राम चौधरी, चार मराठी माणसं वायुदलप्रमुख झाली. चौधरी साहेबांचं मूळ गाव नांदेड जिल्ह्यात हदगाव तालुक्यातलं हस्तरा.

---

परभणी_मास्तर

सर, क्लासबद्दल पण लिहा. माझी शाळा मराठी माध्यमाची. मुलं चुणचुणीत आहेत, पण इंग्रजीचं नाव काढलं की मागे सरतात.

---

भोसरी_अभियंता

मास्तर, मी स्वतः मराठी माध्यमाचा, दहावीपर्यंत जिल्हा परिषद आणि मग तालुक्याचं हायस्कूल. बोर्डात माझं इंग्रजी साधं होतं. छोटी वाक्यं, माहीत असलेले शब्द, पण बोललो ते स्पष्ट बोललो आणि दुसऱ्याचं ऐकून बोललो. गटचर्चेत ओरडून बोलणाऱ्यांपेक्षा, शांत राहणाऱ्या मुलाला 'तू काय म्हणतोस' असं विचारणारा लक्षात येतो. वर्गात रोज दहा मिनिटं एका बातमीवर इंग्रजीत बोलायला लावा. चुका झाल्या तर थांबवू नका. दोन वर्षांत फरक दिसेल.

क्लासचं म्हणाल तर लेखीला पुस्तकं आणि जुने पेपर पुरतात. एसएसबीसाठी थोड्या दिवसांचा सराव चालेल, म्हणजे मैदानावरच्या गटकामात दोऱ्या, फळ्या, नकाशा काय असतं ते कळतं. पण उत्तरं पाठ करून घेणाऱ्या क्लासपासून लांब राहा.

---

गोदाकाठ_नाशिक

मास्तर, नाशिकरोडलाच राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे महाराष्ट्रातल्या मुलामुलींना एसएसबीची तयारी मोफत करून देतात, राहणं-जेवणासकट. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी, त्यांच्यामार्फतच बोलावणं येतं. खाजगी क्लासवाले कशाला सांगतील! तारामतीताई, कराडच्या मुलीला साताऱ्याच्या कार्यालयात जावं लागेल. आजोबा सुभेदार होते, त्यामुळे तुमच्या घराला ते कार्यालय नवीन नसेल.

---

माई_डोंबिवली

सगळं वाचलं. लेकीचं कौतुक आहेच. पण आई म्हणून विचारते, शॉर्ट सर्व्हिस म्हणजे चौदा वर्षं आणि मग घरी ना? पेन्शन नाही. छत्तिसाव्या-सदतिसाव्या वर्षी पुढे काय? आणि धोका आहे तो आहेच. मुलीच्या आईने हे बोलायचं नाही असं का?

---

तारामती_कराड

माई, बोलायचं कसं नाही, आम्ही घरात तेच बोलतोय. धोक्याबद्दल सासऱ्यांनी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. १९७१ ला त्यांच्या तुकडीतले कोण परत आले नाहीत, त्यांच्या घरी नंतर काय झालं, काही लपवलं नाही. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पळायला गेली. आता अडवायचं असेल तर कारण माझ्या भीतीखेरीज दुसरं द्यावं लागेल, आणि ते माझ्याकडे नाही.

---

लोहगाव_निवृत्त

माईंचा पेन्शनचा मुद्दा रास्त आहे. फ्लाइंगमधली शॉर्ट सर्व्हिस १४ वर्षांची, पुढे वाढत नाही, पेन्शन नाही. ग्रॅच्युइटी आणि साठवलेला निधी मिळतो. पण १४ वर्षं उडालेला पायलट रिकाम्या हाताने बाहेर पडत नाही. त्याच्या लॉगबुकात उड्डाणाचे तास असतात, आणि आवश्यक परीक्षा देऊन नागरी परवाना काढता येतो. वाहतूक विमानं आणि हेलिकॉप्टरवाल्यांना त्याचा जास्त उपयोग होतो. बाहेर हाच परवाना मिळवायचा तर घरच्यांना लाखोंनी रुपये घालावे लागतात.

कायमस्वरूपी कमिशन हवं असेल तर मुलींना आता एनडीएचं दार आहे. २०२२ पासून खडकवासल्याला मुली घेतात आणि ३० मे २०२५ ला पहिल्या १७ जणी तिथून पास झाल्या. मुलींच्या जागा अजून फार थोड्या आहेत. तुमच्या लेकीचं वय त्याला उलटून गेलंय, पण हा धागा वाचणाऱ्या दहावीच्या मुलींनी ही नोंद घ्यावी.

आणि मुलगी म्हणून काही वेगळं वाटत असेल तर, २०१६ च्या जूनमध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह लढाऊ विमानांच्या पहिल्या महिला पायलट झाल्या. २०२० ला नागपूरच्या अंतरा मेहता महाराष्ट्रातून लढाऊ शाखेत गेलेल्या पहिल्या महिला. आता ही बातमी राहिलेली नाही, ही नेमणूक आहे.

---

तिसरं_वर्ष

नमस्कार. मी तीच मुलगी. आईने आयडी काढून दिला. सगळ्यांचे आभार, एवढं कुणीच एका जागी सांगितलं नव्हतं.

उंची १६५ आहे. बसून आणि पायांची मापं वहिनीने घेतली, सगळी बसतात. मिरजेच्या मॅडमनी सांगितल्याप्रमाणे थेंब टाकून तपासणी करून आले, नंबर नाही, रंगही नीट दिसतात. एक्स-रे सेमिस्टर संपल्यावर.

माझे प्रश्न: १) माझ्याकडे एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट आहे, पण आर्मी विंगचं. त्याचा एएफकॅटमध्ये उपयोग होतो का? २) अर्जात फ्लाइंगसोबत टेक्निकल भरलं तर 'हिला नक्की काय हवंय ते माहीत नाही' असं मुलाखतीत वाटेल का? ३) मी आजपर्यंत विमानात बसलेलेच नाही. मुलाखतीत हे विचारलं तर? ४) दुंडीगलच्या वायुदल अकादमीत गेल्यावर नेमकं काय असतं?

---

लोहगाव_निवृत्त

बाळ, शाबास. आधी मापं, मग प्रश्न. असंच चालू दे.

एनसीसी स्पेशल एंट्री लेखी परीक्षेशिवाय थेट निवड मंडळाकडे नेते, पण त्यासाठी एअर विंगचं 'सी' लागतं. तुझं आर्मी विंगचं तिथे चालणार नाही, तू लेखी देऊनच ये. मुलाखतीत मात्र कॅम्प, ड्रिल, फायरिंग यांवर तुझ्याकडे बोलायला खरं काहीतरी आहे, ते उपयोगी पडतं.

टेक्निकल भर. फक्त कारण तुझ्याजवळ तयार असू दे, आणि ते खरं असू दे. 'मला उडायचं आहे, ते झालं नाही तर मला या विमानांच्या जवळच राहायचं आहे' असं तुला मनातून वाटत असेल तर तसंच सांग. वाटत नसेल तर भरू नकोस. मुलाखत घेणारा दहा प्रश्नांत फरक ओळखतो.

विमानात न बसण्याचं काहीच नाही. विचारलं तर 'नाही बसले' म्हण आणि थांब. पण विमान का उडतं हे तुला सांगता आलं पाहिजे. लिफ्ट, ड्रॅग, थ्रस्ट, स्टॉल म्हणजे काय, हेलिकॉप्टरला शेपटीचा पंखा का लागतो, हे तू शिकतेसच. वायुदलाकडे कुठली विमानं आहेत, कुठली कशासाठी, आपल्या ओझरला आणि लोहगावला काय चालतं, हे माहीत हवं. ज्या मुलीला वर्षभर हेच हवं आहे तिने त्याबद्दल वाचलेलं नसेल तर मंडळाला शंका येते.

दुंडीगल हैदराबादजवळ आहे. फ्लाइंगचं प्रशिक्षण ७४ आठवड्यांचं. पहिल्या सत्रात उडण्यापेक्षा पळणंच जास्त वाटेल: पहाटे पीटी, ड्रिल, वर्ग, खेळ, रात्री पुन्हा अभ्यास. मग पिलाटस पीसी-७ हे पहिलं, शिकाऊ विमान हातात येतं. प्रशिक्षक सोबत असतो आणि एक दिवस तो उतरतो, तुला एकटीला पाठवतो. त्या पुढे गुण, कल आणि जागा बघून लढाऊ, वाहतूक किंवा हेलिकॉप्टर अशा वाटा फुटतात. वाहतूकवाले बंगळुरूच्या येलहंकाला, हेलिकॉप्टरवाले हकीमपेटला आणि लढाऊ वाटेवरचे पुढे बिदरला हॉक विमानावर. शेवटच्या टप्प्यात महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं. काही मुलांना उड्डाण जमत नाही म्हणून थांबवतात, तेही होतं, आणि त्यांच्यात काही उणं असतं म्हणून होत नाही.

आत्तापासून करायच्या गोष्टी सांगतो. रोज पळ, पण गुडघे सांभाळून. दोरीवर चढायला शिक. पोहायला येत नसेल तर शिक. रोज एक इंग्रजी वर्तमानपत्र, आणि वाचलेल्या एका विषयावर घरच्यांशी बोलायचं, आजोबांशी सुद्धा. कॉलेजात एखादं काम अंगावर घे, ज्यात दहा माणसं सांभाळावी लागतात. मुलाखतीत 'तू काय केलंस' विचारतात तेव्हा हेच कामाला येतं.

---

परभणी_मास्तर

माझ्या नववीतल्या मुलांसाठी एकच विचारतो. सातारा सैनिक शाळेचं वय निघून गेलं, आता काय?

---

भोसरी_अभियंता

मास्तर, दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरची एसपीआय, म्हणजे सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट. राज्य सरकारची, १९७७ पासून आहे. प्रवेश परीक्षा आणि मुलाखत असते, निवड झाली की अकरावी-बारावी तिथे राहून करायची आणि एनडीएची तयारी. मुलींसाठी २०२३ पासून नाशिकला वेगळी एसपीआय सुरू झालीय. गणित पक्कं करून घ्या. एनडीएच्या लेखीत ९०० पैकी ३०० गुण गणिताचे आहेत, आणि वायुदलासाठी बारावीला भौतिक, रसायन, गणित तिन्ही लागतात. कॉमर्सला टाकलेला मुलगा या वाटेवरून बाहेर पडतो, म्हणून अकरावीचा प्रवेश घेण्याआधीच पालकांशी बोला.

---

तिसरं_वर्ष

सर, शेवटचा एक. दहावीच्या सर्टिफिकेटवर माझं नाव आडनाव आधी, मग माझं, मग बाबांचं असं आहे. आधारवर माझं नाव, बाबांचं, मग आडनाव. आणि आईचं नाव दोन्हीकडे वेगळ्या स्पेलिंगने. अर्जात कसं लिहू?

---

लोहगाव_निवृत्त

महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाचा हा प्रश्न असतो. अर्जात दहावीच्या सर्टिफिकेटवर आहे तसंच लिहायचं, त्याच स्पेलिंगने. आधार त्याला जुळवून घे, आणि ते आत्ता, जूनची वाट न बघता, कारण दुरुस्तीला वेळ लागतो. आईचं नाव सर्टिफिकेटवरच चुकलं असेल तर शाळेमार्फत बोर्डाकडे अर्ज कर. मूळ दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, केटी नसल्याचं कॉलेजचं पत्र आणि पासपोर्ट फोटो एका फाइलमध्ये ठेव. अर्जात वापरलेला फोटोच पुढेही वापर. पहिल्यांदाच बोलावणं आलं असेल तर मंडळ ठराविक प्रवासभाडं परत देतं, तेव्हा तिकीट जपून ठेव. अर्जात निवड मंडळाचं ठिकाण विचारतात: डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी अशी मंडळं आहेत. तुला कराडहून गांधीनगर किंवा म्हैसूर सोयीचं पडेल.